अर्धा तास मागे

खोरोगच्या बाजारात सिम विकणाऱ्या पोरानं
पासपोर्टाचा फोटो काढला, नाव तीनदा चुकवलं,
पाकिटावरच्या फोर-जीवर बोट ठेवून म्हणाला, इथपर्यंत.
इथपर्यंत म्हणजे कुठपर्यंत, ते विचारायचं राहिलं.

जीप पंज नदीच्या काठाकाठानं निघाली.
पहिल्याच घाटात फोर-जी गेलं,
जेवणाच्या थांब्याला थ्री-जी,
मग नुसता एक इंग्रजी ई,
तीन दात उरलेल्या फणीसारखा.
पुढच्या वळणाला ती फणीही कुणी उचलून नेली.

दवलतमोनं आधी चहा दिला,
दूध-मिठाचा, पावाचे तुकडे कुस्करलेला.
मी फोन उंच धरून घरभर फिरतोय हे बघून
हसली नाही.
वर बोट दाखवलं फक्त:
छतात चौकोन, चौकोनात चौकोन,
मधोमध आकाशाची खिडकी
आणि तिच्याखाली दोरीला टांगलेला
लोकरीचा मोजा.
मोज्यात तिचा फोन.

"रात्री एकनंतर," ती मोडक्या रशियनमध्ये म्हणाली,
मला त्याहून मोडक्या रशियनमध्ये कळलं,
"गाव झोपतं. वाट मोकळी होते."
मुलगा मॉस्कोत टॅक्सी चालवतो.
चाळीस सेकंदांचा निरोप संध्याकाळी निघतो
आणि गाईला पाणी दाखवायच्या वेळेला
मोज्यात येऊन पडतो.
कधी कधी अर्धाच.
अर्ध्यात काय असतं?
"खोकला. मग 'आई'. मग हे."
तिनं हवेत बोट गोल फिरवलं,
दळण संपलं तरी फिरणाऱ्या जात्यासारखं.

तिनं मला दुसरा मोजा दिला.
खोरोगचं सिम मुकंच होतं.
अकरा चाळीसला मोजा थरथरला:
घरचं जुनं सिम, दुसऱ्या कप्प्यात विसरलेलं,
तेच जागं झालं होतं.
अफगाणिस्तानात आपले स्वागत आहे.
घड्याळात अकरा दहा.

मी एका एमबीचा दर आठवला
आणि बोट धावलं बंद करायला.
काय झालं, तिनं विचारलं.
म्हटलं, नदी ओलांडली यानं.
"पासपोर्ट न दाखवता?"
आता हसली. मग बराच वेळ गप्प.

मावशीची मुलगी पलीकडे दिलेली, माहबेगिम.
पूल उघडा होता तेव्हा बेटावर बाजार भरायचा,
तिथं भेटायच्या, सुया आणि सुकी जर्दाळू बदलून घ्यायच्या.
पूल बंद झाल्यापासून कापणीच्या दिवसांत
ती लाल रुमाल बांधून शेतात उभी राहते.
एवढंच दिसतं इथून.
गेल्या वर्षी दोन लाल रुमाल दिसले.

"नको बंद करूस," ती म्हणाली,
"राहू दे थोडा वेळ तिकडे."

मग आम्ही बसलो.
फोन तिकडे, आम्ही इकडे.
खोलीत अकरा चाळीस, मोज्यात अकरा दहा,
आणि माझ्या बायकोच्या उशाशी एव्हाना
बारा दहा.
मी काही पाठवलं नाही. कुणाला पाठवणार होतो?
ती दर थोड्या वेळानं विचारायची,
"आता तिकडे किती?"
मी सांगायचो.
"म्हणजे झोपली नसेल अजून."

अकरा मिनिटांनी ती एकुलती रेघ मावळली.
घड्याळ मात्र तिकडचंच राहिलं:
सकाळी मी अर्धा तास उशिरा उठलो
आणि दारात जीपवाला शिव्या देत होता,
वाखी भाषेत, सुदैवानं.

दुशान्बेच्या हॉटेलात सगळं एकदम कोसळलं,
दोनशे बारा निरोप,
त्यात "पोचलास का?" सहा वेळा.
कशालाच गोल फिरावं लागलं नाही.

बिल महिन्यानं आलं.
कस्टमर केअरची मुलगी फार गोड बोलली:
सर, सीमेजवळ असं चुकून लागतं,
तुम्ही तिथं नव्हताच ना? वजा करून देते.

राहू दे, म्हटलं.
होतो थोडा वेळ.